मिरास, वारस आणि ‘इतर हक्क’

अब्बा वारले तेव्हा घरातली जुनी लोखंडी पेटी माझ्या वाट्याला आली. पेटीत दागिना नव्हता की पैसा नव्हता, होते ते फक्त कागद. मोडीतले दोन-तीन कागद, जे आता घरात कोणालाच वाचता येत नाहीत. शेतसाऱ्याच्या पावत्या, एक खरेदीखत, फेरफाराच्या नकला आणि सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे. अब्बा मराठी शाळेत मास्तर होते. त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. ते म्हणत, “बेटा, या मुलखात जमिनीचा सगळा व्यवहार मराठीत चालतो, पण त्यातले निम्मे शब्द आपण दिलेले आहेत.” आणि मग बोटांवर मोजत – जमीन, मालक, हक्क, कब्जा, दावा, हिस्सा, वारस, दस्त, नक्कल, जप्ती, इनाम, वतन. दोन्ही हातांची बोटे संपत, पण शब्द संपत नसत.

‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आमचे वाडवडील काही इराणातून घोड्यावर बसून आलेले नव्हते. ते इथल्याच पांढरीतले आणि इथल्याच काळीतले. पण शब्दांबद्दल अब्बांचे म्हणणे खरेच होते. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५मध्ये फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळताना पानापानावर तलाठ्याचे दप्तर उघडल्यासारखे वाटते. त्याहून जुनी साक्ष हवी असेल तर शिवाजीमहाराजांच्या काळातला राजव्यवहारकोश पाहावा. दरबारी कारभारातल्या फार्शी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत म्हणून तो रघुनाथपंतांनी तयार केला. पण गावच्या जमिनीच्या कागदांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. वतन वतनच राहिले, इनाम इनामच राहिले. खुद्द मराठेशाहीतले दस्त पाहा, शब्द तेच आहेत. शेतकऱ्याच्या जिभेवर एकदा बसलेला शब्द राजाच्या आज्ञेनेही उठत नाही.

हे शब्द आपल्याकडे नुसते आले, की अर्थासकट आले, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

‘मालमत्ता’ हा शब्द घ्या. माल आणि मता हे दोन्ही अरबी शब्द. मता म्हणजे वापरायच्या चीजवस्तू. ‘माल’ची व्याख्या हनफी फकीहांनी मोठी छान केली आहे. माणसाच्या मनाचा ज्याकडे ओढा असतो आणि गरजेच्या वेळेसाठी जे साठवून ठेवता येते, ते माल. म्हणजे कायद्याने आधी माणसाचे मन पाहिले आणि मग वस्तू पाहिली. ‘मालक’ म्हणजे ज्याची मिल्क आहे तो. या मिल्कचेही फकीहांनी दोन भाग केले. एक वस्तूच्या अंगावरची मालकी, दुसरी तिच्या उपयोगाची, फळाची मालकी. शेत एकाचे आणि त्याचे पीक खाण्याचा अधिकार दुसऱ्याचा, असे होऊ शकते. आपल्याकडच्या मालक आणि कूळ यांच्या भांडणाची बीजे या भेदात सापडतात. (मिळकत हा शब्द मात्र मिल्कियतवरून आला की आपल्या ‘मिळणे’वरून, हे मला सांगता येणार नाही. मराठी कानाला तो ‘मिळणे’चाच वाटतो आणि त्यात बिघडत काही नाही.)

मराठीत आल्यावर ‘मालक’ने एक नवीच जागा घेतली. खेड्यातली बाई नवऱ्याला ‘मालक’ म्हणते. “मालक घरात न्हाईत,” असे दारातून सांगते. फिक्हच्या कोणत्याही किताबात नवरा बायकोचा मालक नाही. बायकोची मेहर, तिचे दागिने, तिला माहेरून आलेली जमीन यांचाही तो मालक नाही. अरबीतला शब्द वस्तूपुरता होता, मराठीत तो माणसापर्यंत पोचला. आणि आपल्याही घरांत तो तसाच बोलला जातो, हे आपण विसरू नये.

पण ज्या शब्दाने मला खरे अडवले तो ‘मिरास’.

मूळ अरबी शब्द मीरास. वारिस, वारसा, विरासत ही सगळी त्याचीच भावंडे. मयताच्या मागे जे राहते आणि ज्यावर जिवंतांचा हक्क लागतो, ते मीरास. हा शब्द इस्लामच्या कायद्यात कोणत्या प्रसंगातून घट्ट झाला, ते हदीसच्या किताबांत आले आहे. उहुदच्या लढाईत, म्हणजे इ. स. ६२५मध्ये, साद बिन रबी शहीद झाले. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावाने रिवाजाप्रमाणे सगळी मालमत्ता ताब्यात घेतली, कारण अरबांच्या जुन्या रिवाजात जो तलवार धरतो तोच वारस होत असे. सादची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरसाहेबांकडे आली आणि म्हणाली की या मुलींच्या चाचाने यांच्यासाठी काहीच ठेवले नाही, आणि पैशाशिवाय यांची लग्ने होणार नाहीत. त्यानंतर वारसाहक्काची आयत उतरली. पैगंबरसाहेबांनी त्या चाचाला बोलावून हुकूम दिला: मुलींना दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश, आणि उरेल ते तुझे. मालमत्तेचे चोवीस वाटे केले तर मुलींना सोळा, आईला तीन आणि सगळे घेऊन बसलेल्या चाचाला पाच.

मीरासचा कायदा असा सुरू झाला. एका बाईने दारात येऊन केलेल्या तक्रारीतून. सूरह निसामध्ये तर मुलींचा आणि स्त्रियांचा हिस्सा सांगताना, मागे राहिलेले थोडे असो की फार, हिस्सा ठरलेलाच आहे, असेही बजावले आहे. ‘जमीनच किती, तिचे तुकडे किती करायचे’ हे आपले नेहमीचे कारण चौदाशे वर्षांपूर्वीच विचारात घेतलेले दिसते. मुलाला मुलीच्या दुप्पट का, हा वाद वेगळा आहे आणि तो जरूर व्हावा. पण आपल्या गावांत वाद दुप्पट-निमपटीचा नसतोच. मुलीच्या हातात शून्य येते, आणि वाद सुरू होण्याआधीच मिटतो.

आता हाच शब्द दख्खनमध्ये आला. बहमनी गेली, पाच शाह्या झाल्या. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने हिशेब इथल्या लोकांच्या भाषेत ठेवायला लावले, असे फरिश्ता लिहितो. फार्शी आणि मराठी एकाच फडावर, एकाच बोरूने लिहिल्या जाऊ लागल्या. महजर झाले की त्यावर काझीचा शिक्का पडे आणि गोताच्या निशाण्याही उमटत – पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी. या व्यवहारात ‘मिरास’ला अगदी वेगळा अर्थ आला. मिरास म्हणजे गावातली पिढीजात जमीन आणि मिरासदार म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या कसणारा गावकरी. त्याला काही ठिकाणी थळकरी म्हणत, आणि हा देशी शब्द पाहिला की वाटते, पद्धत आधीची असावी, नाव मागाहून चढले असावे. मलिक अंबरने मिरासीचा पाया घातला असे काही इंग्रज अधिकारी लिहीत. त्याच्या जमाबंदीचे मोठेपण मान्य करूनही मला ते तितकेसे पटत नाही.

मिरासदाराच्या विरुद्ध होता तो उपरी. बाहेरून आलेला, कौलाने जमीन कसणारा, आज आहे उद्या नाही असा. मिरासदार सारा भरत होता तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. तो जमीन विकू शके, गहाण टाकू शके. दुष्काळात परागंदा झाला तरी वर्षांनी परत येऊन थकलेले भरले की आपली मिरास मागू शके. गावच्या सभेत त्याला मान होता आणि उपऱ्याला नव्हता. ‘उपरा’ या मराठी शब्दाला जो दुखरा अर्थ आहे तो या शेतातूनच आलेला आहे.

या काळच्या दस्तांत एक ठराविक वाक्प्रयोग येतो. दिलेले इनाम वा वतन घेणाऱ्याने ‘औलाद व अफलाद’ खावे. त्याचाच मराठी अवतार ‘लेकराचे लेकरी’. फार्शीतले औलाद-ओ-अहफाद, म्हणजे मुले आणि नातवंडे. लेखणीतून लेखणीत जाताना अहफादचे अफलाद झाले. पण मला अक्षरांपेक्षा अर्थाचे नवल वाटते. औलाद या शब्दात अरबीत मुलगे आणि मुली दोन्ही येतात. वारसाची जी आयत आहे ती ‘तुमच्या औलादीविषयी’ असेच म्हणून सुरू होते आणि लगेच मुलगा-मुलगी दोघांचा हिस्सा सांगते. मराठीतले ‘लेकरू’सुद्धा नपुंसकलिंगी; मुलगा की मुलगी ते काही सांगत नाही. दोन्ही भाषांनी मुलीला दारात उभे केले होते. दस्त लिहिणाऱ्याने, लिहून घेणाऱ्याने आणि शिक्का मारणाऱ्या काझीनेही ‘औलाद’ म्हटल्यावर बहुधा मुलगेच पाहिले. स्त्रीचे नाव त्या कागदांत येते ते बहुतेक वेळा कोणाची तरी विधवा म्हणून, अल्पवयीन मुलाची आई म्हणून. मीरासमधून मिरास होताना मुलगी गळाली, आणि हे हिंदू मिरासदाराच्या घरी घडले तसेच पाटीलकी, मुलाणकी, काझीपण खाणाऱ्या मुसलमान वतनदाराच्या घरीही घडले. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, जमीन जाऊ शकत नाही. एवढे एक कारण पुरले. बापाच्या शेतात ती उपरी झाली.

इंग्रज आले तेव्हा त्यांना ही पद्धत पाहून आश्चर्य वाटले. एल्फिन्स्टनने १८१९च्या आपल्या अहवालात पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचे वर्णन करताना इथले पुष्कळसे शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक आहेत, हे आवर्जून नोंदवले. पुढे १८३६पासून इंदापुराकडून जी नवी पाहणी-मोजणी सुरू झाली, तिने मिरासदार आणि उपरी हा भेदच पुसून टाकला. सारा भरेल तो कब्जेदार. त्याला वारसाने देण्याचा आणि विकण्याचा अधिकार. कायद्यातून मिरास गेली आणि भाषेत उरली. ती आडनावात उरली, द. मा. मिरासदारांच्या विनोदी कथांवर आपण सगळे हसत आलो. वाक्प्रचारात उरली, ‘ही काय तुमची मिरासदारी आहे?’ असे आपण मक्तेदारी गाजवणाऱ्याला विचारतो. आणि पंजाबात तर मिरासी म्हणजे पिढीजात गाणारे-वाजवणारे. एकेक शब्दाचेही नशीब असते!

पण इंग्रजांनी वारसाचे काय केले? त्यांना शरीयत ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. वारसाहक्काच्या ‘सिराजी’ या प्रसिद्ध ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७९२मध्येच प्रसिद्ध केला होता. तरी मुंबई इलाख्यात १८२७चे चौथे रेग्युलेशन आले त्यात क्रम असा लावला: आधी सरकारचा कायदा, तो नसेल तर मुलखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीच्या धर्माचा कायदा. म्हणजे रिवाज पुढे आणि शरीयत मागे. सादच्या भावाने ज्या रिवाजाच्या बळावर सगळे घेतले होते, त्याला पुन्हा मानाची जागा मिळाली.

त्याचा रोख १८४७मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात स्पष्ट झाला. खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला. न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. या जमातींत मुलींना वारसा न देण्याचा रिवाज चालत आला आहे असे मानून त्यांनी मुलींचे दावे फेटाळले. गंमत पुढे आहे. हेच पेरी विलायतेला परत गेले, पार्लमेंटात निवडून आले आणि १८५७मध्ये विवाहित स्त्रियांना स्वतःच्या मालमत्तेवर अधिकार असावा म्हणून विधेयक त्यांनीच मांडले. ते पास झाले नाही. तिकडच्या लग्न झालेल्या बाईला तो अधिकार पुरता मिळायला १८८२ साल उजाडले. मुंबईत ज्या मुलींना त्यांनी रिकाम्या हाताने पाठवले, त्यांच्याकडे तो अधिकार कागदावर बारा शतकांपासून होता.

याहून उघड गोष्ट १८८६ची. वतनाच्या कायद्याला त्या वर्षी जोड दिली गेली की शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून घराण्यातली प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा प्रत्येक जण, वारसाच्या क्रमात घराण्यातल्या सर्व पुरुषांच्या मागे राहील. कलमात धर्माचे नाव नाही. पेशवाईत जे न लिहिता चालत होते, ते आता छापील झाले. कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलक्या १९६२च्या कायद्याने जाईपर्यंत ते कागदावर होते.

मग १९३७ साल आले. मुसलमान वाचकाला हे साल ठाऊक असते – शरीयत ॲक्ट. त्या कायद्याने वारसा, निकाह, तलाक, मेहर, हिबा या बाबतीत रिवाज बाजूला सारून शरीयत लागू केली. स्त्रियांचा हक्क परत मिळवून देणारा कायदा म्हणून त्याची बाजू मांडली गेली होती. आपल्या सभांत अजूनही त्याचे नाव मोठ्या आदराने घेतात. पण दुसऱ्या कलमाच्या अगदी आरंभी एक अपवाद आहे, तो मात्र सभेत कोणी वाचून दाखवत नाही: शेतजमिनीविषयीचे प्रश्न सोडून. कायदेशीर कारण असे की १९३५च्या घटना-कायद्यात शेतजमीन हा विषय प्रांतांकडे होता. त्याच वर्षी हिंदू विधवांसाठी मालमत्तेचा कायदा झाला. तोही शेतजमिनीला लागत नाही, असे १९४१मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले. देशातल्या बहुतेक लोकांची मालमत्ता म्हणजे शेतजमीनच होती, आणि स्त्रियांसाठी झालेले दोन्ही कायदे नेमके शेताच्या बांधावर येऊन थांबले. पुढे मद्रास आणि केरळ यांनी दुरुस्ती करून आपल्यापुरता शेतजमिनीचा अपवाद काढून टाकला.

याचा अर्थ कोर्टात गेलेल्या मुसलमान बाईला आपल्याकडे शेतात हिस्साच मिळत नाही, असा नाही. मुलींना वगळण्याचा रिवाज समोरच्याला सिद्ध करावा लागतो. तो झाला नाही तर शरीयतच लागते. पण कोर्टात जाते कोण? सगा भाऊ प्रतिवादी करून?

इथे पुन्हा पेटीकडे येतो. दादा वारल्यानंतरचा फेरफार त्यात आहे. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि तिच्यातून आजचा सातबारा घडला. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात कब्जेदाराचे सदर आणि त्याच्या शेजारी ‘इतर हक्क’. या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा येतो, विहिरीतले पाणी येते, वाट येते, कुळाचे नाव येते. आमच्या उताऱ्यावर कब्जेदार सदरी अब्बांचे आणि चाचांचे नाव आहे. माझ्या दोन्ही फुफींची नावे इतर हक्कांत, पतपेढीच्या कर्जाच्या खाली. आम्ही एकटे नाही. हिंदू असो की मुसलमान, खेड्यापाड्यांतले हजारो उतारे असेच आहेत. यात तलाठ्याचा दोष मी मानत नाही. वर्दी घरच्यांनी दिली तशी त्याने लिहिली. आणि फेरफाराच्या नोंदीने मालकी बदलत नाही, असे कोर्टांनी अनेकदा सांगितले आहे. तरी गावात सदर पाहूनच माणूस ओळखतात.

‘हक्क’ हा शब्द अरबीत फार मोठा आहे. सत्य म्हणजे हक, आणि अल्लाहच्या नावांपैकी एक नाव अल-हक. त्याला ‘इतर’ हे विशेषण लावण्याची कल्पना कोणा फकीहाला सुचली असती असे वाटत नाही.

आपल्यात आणखी एक सबब चालते. “बहिणींनी खुशीने हक्क सोडला.” हक्कसोडपत्र हा मराठी मुलखात रोज नोंदवला जाणारा दस्त आहे आणि त्याला आपले काही मौलवीसाहेबही ‘शरीयतमध्ये याला मुभा आहे’ म्हणतात. मुभा आहे, पण कशाला? हनफी फिक्हमध्ये त्याला तखारुज म्हणतात. वारसाने ठरावीक मोबदला घेऊन वाटणीतून बाहेर पडणे. त्याचा दाखला देतात तो अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या पत्नी तुमाजिर यांचा. चार बायकांत वाटल्या जाणाऱ्या अष्टमांशातला आपला चौथा भाग त्यांनी सोडला, तो ऐंशी हजार दीनार घेऊन. ‘हिदाया’त ही रक्कम दिलेली आहे. साडीचोळी, ईदला बोलावणे आणि आंब्यांची एक करंडी यांच्या बदल्यात नाही. शिवाय बाप जिवंत असताना मुलीकडून ‘मी पुढे मागणार नाही’ असे लिहून घेतले तर तो सोडलेला हक्कच नव्हे, कारण वारसा मृत्यूपूर्वी जन्मालाच येत नाही. हे तत्त्व फिक्हमध्ये आहे आणि आपल्या कोर्टांनीही ते मानलेले आहे. वक्फच्या जमिनींवर आज सगळेच बोलतात आणि बोललेच पाहिजे. म्हणून मी तो विषय इथे मुद्दाम घेतला नाही. घरातल्या जमिनीवर बोलणारे कमी आहेत.

मोठी फुफी गेली. धाकटी आहे, ऐंशीच्या पुढची. गेल्या रमजानमध्ये मी तिच्याकडे गेलो होतो. सादच्या मुलींची गोष्ट तिला सांगितली. तिला ती आधीच माहीत होती. तिने मक्तबमध्ये लहानपणी ऐकलेली. मी सातबारा काढून तिचे नाव कुठे आहे ते बोटाने दाखवले. चष्मा लावून तिने पाहिले आणि विचारले, “या सोसायटीच्या कर्जाखाली मी कशी काय रे आले?” मी म्हणालो, “अब्बांनी लिहून दिलं असेल.” ती म्हणाली, “तुझ्या अब्बाला सगळे शब्द ठाऊक होते.” मग तिने इफ्तारची तयारी काढली.

त्या जमिनीचे आजचे कब्जेदार मी आणि माझे दोन भाऊ, आणि चाचांची मुले. अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो द्यायचा तर सगळ्यांची संमती लागते असे नाही, पण वाटणीला लागते. एका भावाने सही केली आहे. दुसरा म्हणतो, ईदनंतर बसू.